नातीसाठी पियानो

"नातीसाठी हवाय, आठ वर्षांची आहे," दुकानात शिरताच हेमलताबाईंनी सांगून टाकलं. साठीला पियानो शिकायचाय म्हटलं तर लोक हसतील, ही धास्ती.

विक्रेतीनं लहानसा पियानो पुढे केला. "तुम्हीच वाजवून बघा ना, काकू."

त्यांचा उजवा हात पट्ट्यांवर गेला, आणि जन्मभर भजनी मंडळात पेटी वाजवलेला डावा हात मागे जाऊन भाता शोधू लागला.

"याला भाता नसतो हो!" ती खुदकन हसली. "असू दे, नात शिकवेल तुम्हाला."

"कुणाची नात?" स्कूटर लावून आत आलेल्या यजमानांनी विचारलं.

हेमलताबाईंचे कान तापले. "नात नाहीच," त्या मान खाली घालून पुटपुटल्या. "मलाच शिकायचंय."

"मग हे पोरांचं खेळणं कशाला? मोठा दाखवा," ते म्हणाले. "आणि अगं, मला तरी सांगायचंस!"

बाईंची मान आणखीच खाली गेली.