लागला हात

सोमारीनं हात वर केला, तेव्हा पंचालाही कळेना की या पोरीला हवंय काय. कबड्डीच्या फायनलची शेवटची चढाई करून समोरची चढाईवाली रिकाम्या हातानं परतली होती, शिटी वाजली नव्हती. चर्चच्या संघातली सोमारी एकटीच मैदानात उरली होती. ती बाद म्हणजे लोण, आणि लोण म्हणजे कप गेला. बाहेर बसलेल्या तिच्या मैत्रिणी तर जिंकल्यासारख्या नाचायलाही लागल्या होत्या.

"पायाच्या बोटाले हात लागला," ती म्हणाली. "मी बाद."

चढाईवालीलाच त्याचा पत्ता नव्हता. पंचानं नाइलाजानं समोरच्यांना गुण दिले. मुलचेऱ्याच्या मैदानावर टाळ्या पडल्या, त्याही हरलेल्या पोरीसाठी.

चर्चच्या संघाचे कोच प्रफुलब्रदर. सरावाआधी मुलींना गोलात उभं करून ते प्रार्थना घेत आणि वर रोज एकच धडा देत, की हात लागला तर आपण होऊन सांगायचं, पंचाला नाही दिसलं तरी येशूला दिसतं. जर्सीच्या पाठीवरही 'तो पाहतो' असं छापून घेतलेलं. सोमारीनं ते खरं मानलं, एवढाच तिचा गुन्हा.

ब्रदरनी तिला दंडाला धरून मांडवामागे नेलं. त्यांच्या तोंडावरचं हसू कनातीपर्यंत कसंबसं टिकलं.

"येशूनं पाह्यलं, पंचानं त नाई पाह्यलं ना! कोणी विचारलं होतं तुले?"

तुमीच त सांगतलं होतं, असं सोमारी पुटपुटली. त्यावर ब्रदर म्हणाले की ते शिकवायचं असतं, फायनलमध्ये करायचं नसतं. नागपूरच्या शिबिराचं आता विसर, उद्यापासून सरावालाही येऊ नको, जर्सी धुऊन आणून दे. धानाच्या बांधीतला चिखल पायावर तसाच घेऊन ही पोरगी सरावाला पळत यायची, ती त्या शिबिरासाठी. शिसारी यावी असं ते बोलणं, आणि गळ्यातला क्रूस बोलता बोलता सारखा करणं. शी!

तेवढ्यात रीता मॅडम कनात बाजूला करून आत आल्या. शिबिराची निवड त्यांच्याच हातात होती. ती खरं बोलणारी मुलगी कुठंय, तिचा फोटो हवाय, म्हणाल्या.

ब्रदरचा चेहरा असा काही उजळला, की सरडाही लाजला असता. भाषासुद्धा पुस्तकी झाली.

"हीच आमची सोमारी. मीच घडवलंय तिला, मॅडम. आमच्यासाठी खेळ म्हणजे प्रभूची साक्ष."

तिला ओढतच त्यांनी मैदानाच्या चुन्याच्या रेषेवर उभं केलं. मॅडमनी मोबाइल धरला. सगळ्यांसमोर तिला शिबिराला नेणार असल्याचंही सांगून टाकलं. सोमारीनं आता फक्त उभं राहायचं होतं.

ब्रदरनी डोळे मिटले आणि आशीर्वादासाठी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

सोमारीनं आपला हात सरळ वर केला. मॅडमना वाटलं, पोरगी प्रभूची स्तुती करते आहे.

"लागला हात," ती म्हणाली. "मी बाद."

आणि रेषा ओलांडून ती चालू लागली. फोटोत ब्रदर आले, मिटल्या डोळ्यांचे, हवेला आशीर्वाद देताना.