लास्त्रीच्या चपला

गुनार्तो बायकोच्या चपला हातात धरून सातियेम आजीच्या फाटकाशी उभा होता. लास्त्री आत मय्यतीला आंघोळ घालायला गेली होती. बाईच्या मय्यतीला बायकाच हात लावतात, पुरुषाने पडद्याआड डोकावायचंही नसतं. मग निदान चपला तरी ताब्यात असाव्यात.

"काय जपतोय बायकोला!" शेजारचा एक म्हातारा कौतुकाने म्हणाला.

रेत्नोने ओठ चावला. ती दवाखान्यातली नर्स. गल्लीत येऊन वर्षही झालं नव्हतं. लास्त्री तिच्याकडे सारखी यायची, आणि दर वेळी न्हाणीघरात घसरलेली असायची. त्यांच्या घराला न्हाणीघर नव्हतं. प्रश्न लास्त्रीला विचारला की उत्तर गुनार्तो द्यायचा. मरणाच्या उकाड्यात तिच्या बाह्या मनगटापर्यंत. परवा इंजेक्शनच्या निमित्ताने रेत्नोने त्याला बाहेर काढलं, तेव्हा ती एका दमात म्हणाली, "शुक्रवारी संध्याकाळी मला सागाच्या जंगलात नेणार आहे, त्याच्या भावाच्या झोपडीवर. तिथे शेजार नाही, ताई. मी परत येणार नाही."

आज शुक्रवार होता. सोलो शहरातल्या बायकांच्या आश्रयगृहात रेत्नोने तिच्यासाठी खाट सांगून ठेवली होती. पण गल्लीतून बाहेर पडायला वाट एकच, आणि त्या वाटेवर गुनार्तो.

सकाळी ती तुगिनीकाकूंकडे गेली होती. गल्लीत मय्यत धुण्याचा मान त्यांचाच.

"काकू, आज काहीतरी करा हो. उद्या उशीर झालेला असेल."

"आज आजी गेल्यात," काकू मोगऱ्याची माळ ओवत म्हणाल्या. "आधी मेलेल्यांचं, मग जिवंतांचं."

"अहो, पण ती..."

"पोरी, तुझा चेहरा म्हणजे दुकानावरची पाटी. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावी. जा, फाटकाशी उभी राहा आणि रड. आजीला रडायला कुणी नाही."

आजी कित्येक वर्षं दर उन्हाळ्यात मरायची तयारी करायची. यंदा जमलं होतं.

रेत्नो रडत होती. आजीसाठी नव्हे, पण रडण्यावर कुणाचं नाव थोडंच लिहिलेलं असतं?

हिरव्या कापडाच्या घुमटाखाली झाकलेला जनाजा बायकांनीच ओसरीवर आणून ठेवला. आजीचं माहेर वोनोगिरीचं; दफन तिथे, नमाजही तिथेच, असं काकूंनी जाहीर केलं. गाडी गल्लीच्या तोंडाशी उभी होती. पुढच्या दांड्याचा मान त्यांनी गुनार्तोला दिला. रेत्नोला काकूंची शिसारी आली.

गुनार्तो खुलला. चपला त्याने रेत्नोच्या हातात कोंबल्या. "धरा जरा, सिस्टर. आणि आमची बाहेर आली तर हलू देऊ नका."

त्याच चपला त्याच्या तोंडावर हाणाव्यात, असं तिला वाटलं. तिने त्या छातीशी धरल्या.

"आई गं!" दांडा खांद्यावर येताच तो वाकला. "एवढीशी म्हातारी, एवढी जड?"

"बाई जन्मभर सगळं गिळत असते," काकू म्हणाल्या. "ते जाणार कुठे? हळू रे, आदळू नकोस. एकदा तरी हळू."

जनाजा गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, मग विरला. पुरुष गल्लीच्या तोंडावरच्याच टपरीत चहाला टेकले. त्यांच्यात गुनार्तोही, खांदा चोळत.

फाटकावर कुणीच नव्हतं.

रेत्नोच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मागची भिंत! काचा लावलेल्या होत्या, असू देत. हातपाय फाटले तर टाके घालायला ती होतीच. ती चपला घेऊन आत धावली.

"लास्त्री! चल, भिंतीवरून उडी मारू, लवकर!"

तिने पडदा ओढला. पाण्याने भरलेली घंगाळं तशीच होती. लास्त्री कुठेच नव्हती. मय्यतीच्या कोरड्या पाटावर सातियेम आजी मांडी घालून केळं सोलत बसली होती.

"दार लाव आधी," आजी म्हणाली. "मी मेलेय."