रानात सोडलेला बकरा

रविवारी उपासनेनंतर जुळे सोलापुरात मी बायकांचा शास्त्रवर्ग घेते. त्या दिवशी बायबलातला प्रायश्चित्ताचा धडा होता. याजक बकऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून लोकांची सगळी पापं कबूल करायचा आणि मग त्या बकऱ्याला रानात सोडून द्यायचे.

"पुढं त्याचं काय झालं, बाई?" एका नव्या सुनेनं विचारलं.

"ते शास्त्रात दिलेलं नाही," मी म्हणाले.

"मी सांगते की," मागच्या बाकावरून माझी धाकटी बहीण एस्तेर म्हणाली. "त्याला केम गावी मावशीकडं धाडलं. उन्हाळ्याची अख्खी सुट्टी बिचारा गोठ्यातलं शेण काढत होता."

बायका खो खो हसल्या. मला हसू येईना. साठ वर्षांपूर्वी बाबांचा रेडिओ मी फोडला होता, नाव एस्तेरचं सांगितलं होतं आणि शिक्षा तिनं भोगली होती.

वर्ग सुटल्यावर मी तिच्या बाकापाशी गेले.

"चुकले गं, एस्तेर. त्या रेडिओची देवाकडं अजून रोज माफी मागते मी."

"त्यानं कधीच दिली असेल, अक्का," सरकून मला जागा करून देत ती म्हणाली. "माझ्याकडं तू आज आलीस."