गाऱ्हाण्याची उलट नोंद

चार्टर्ड अकाउंटंट हा देशाच्या अर्थव्यवस्थेचा कणा असतो, असे गुरुदासकाकांनी आचऱ्याच्या बाजारातल्या दहा बाय बाराच्या नव्या ऑफिसात, हातात नारळ धरून, जाहीर केले. मग शेजारी उभ्या असलेल्या गणपतच्या कानाशी वाकून त्यांनी विचारले, "तुझा चेडू नेमका करता काय?"

संचिताने, म्हणजे त्याच चेडवाने, गणपतच्या लेकीने, ते ऐकून न ऐकल्यासारखे केले. बारावीनंतर सात वर्षे ती हेच समजावत आली होती. कोल्हापुरात तीन वर्षे आर्टिकलशिप करून तिने दुसऱ्यांच्या पावत्या जुळवल्या, शेवटची परीक्षा तिसऱ्या खेपेला काढली, आणि गावात त्याचा अर्थ एवढाच पोचला की पोरगी बँकेत लागणार. तळेऱ्याच्या तिठ्यावर तिचा पंधरा फुटी फोटो लावायची बापाची फार इच्छा होती. सी.ए.ला जाहिरात करता येत नाही, तसा नियमच आहे, हे कळल्यावर गणपत दोन दिवस जेवताना बोलला नाही. जे शिकून साधा फोटोसुद्धा लावता येत नाही ते शिकायचे कशाला, हा त्याचा सवाल होता, आणि तो अगदीच वेडगळ नव्हता.

पुण्याच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली होती. सोमवारपर्यंत कळवायचे होते. तोवर एक तरी खरे गिऱ्हाईक आले तर हे ऑफिस, नाहीतर पुणे, असे बापलेकीत ठरले होते. आज शनिवार. मागच्या खुर्चीत काजूच्या कारखान्याचा मालक रॉकी मांडीवर फुगलेली पिशवी घेऊन बसला होता. पिशवीत कारखान्याच्या फायली आहेत, हे साऱ्या बाजाराला ठाऊक होते. "आज जपून," असे गणपत सकाळपासून तिला चार वेळा म्हणाला होता.

गुरुदासकाकांनी डोळे मिटले. चाळीस वर्षे तेच गावाच्या वतीने देवाला गाऱ्हाणे घालत होते, मग नवी होडी असो की पिठाची गिरणी. एकाने मागायचे, बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. यात चर्चा नसते.

"बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आज जा काय मांडल्यान हा, तेका यश दी."

"व्हय म्हाराजा." रॉकीचा आवाज सगळ्यांत मोठा. रविवारी तो चर्चमध्येही असाच मोकळ्या गळ्याने गायचा.

"येणाऱ्या गिऱ्हायकाचो टॅक्स शून्यावर हाड."

"व्हय म्हाराजा!" खोलीच्या काचा थरथरल्या.

"आणि टॅक्सवाल्यांची नजर तेच्या फायलीवरसून दुसरीकडे फिरव."

होकार ओठांवर आला होता, तेवढ्यात संचिता म्हणाली, "काका, ह्या नको. खाली सही माझी असतली."

गाऱ्हाणे मध्येच थांबल्याची गावाला एकच आठवण होती, आणि तेव्हा मांडवात बैल शिरला होता. गुरुदासकाकांनी एक डोळा उघडला. गणपतने दोन्ही मिटले. संचिताची आई सुगंधा खाज्याचे ताट घेऊन दारात आली होती, ती तशीच मागे सरली.

काकांचे म्हणणे सरळ होते. देवाच्या कानावर गेलेले आता परत कसे घ्यायचे? मागणे काही पाटीवर लिहिलेले नव्हते, की पुसले आणि झाले. संचिताने शांतपणे सांगितले की हिशेबाच्या धंद्यातही पुसत नाहीत. चुकीची नोंद तशीच राहू द्यायची, तिच्याखाली उलट नोंद करायची, की पहिलीचा परिणाम आपोआप शून्य.

काकांनी यावर बराच विचार केला. मग नारळ नीट धरून, पडलेल्या आवाजात सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, मगाशी टॅक्साचा जा काय मागलंय, ता माघारी घेतंय."

"व्हय म्हाराजा," लोक म्हणाले, पण दुखवट्याला आल्यासारखे.

"गिऱ्हायकाचो जेवढो होता तेवढोच टॅक्स जांव दी. एक पैसो कमी नको."

कोणीतरी खोकले.

"आणि एक पैसो जास्त नको."

"व्हय म्हाराजा!" शेजारच्या जाळ्यांच्या दुकानातली दोन गिऱ्हाइके बघायला बाहेर आली.

नारळ फुटला. खाजे वाटले गेले. लोक ते तोंडात टाकून, संचिताकडे जरा जपून बघत, पांगले. रॉकी पिशवी घेऊन उठला तेव्हा गणपत भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. पुण्याची गाडी किती वाजताची, याचाच तो विचार करत असावा.

रॉकी दारापर्यंत गेला, थांबला, आणि परत येऊन त्याने पिशवी संचिताच्या टेबलावर ठेवली.

"माझो आदलो अकाउंटंट सगळ्याक व्हयच म्हणायचो," तो म्हणाला. "तेच्यापायी माका दोन नोटिशी इल्यो. तू बघ."

सुगंधाने त्याला दुसऱ्यांदा खाजे दिले. गणपत भिंतीकडून वळला आणि आल्यागेल्याला सांगू लागला की आपली मुलगी पहिल्यापासूनच अशी आहे, देवालासुद्धा सोडत नाही. संचिताने पुण्याला नकार कळवला, पिशवीतली पहिली फाईल काढली आणि पेनाचे टोपण उघडले.

समोर गुरुदासकाका उभे होते. सगळे गेले होते, ते गेले नव्हते. त्यांनी दार लोटले, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज अगदी खाली आणला. दिवाळीच्या सुमारास त्यांचे धाकट्या भावाशी बांधावरून वाजले होते. रागाच्या भरात त्यांनी देवाला भावाच्या हापूसच्या कलमांबद्दल काहीबाही सांगितले होते. यंदा त्या कलमांचा सगळा मोहोर गळला होता, भाऊ बोलेनासा झाला होता आणि भावजय वाटेत भेटली की डोळे पुसायची.

"ती उलट नोंद माका कागदार लिवन दी गो बाय," काका म्हणाले. "फक्त तारीख मोहोर गळच्या आदली घाल."