साक्षीदार

आधी लग्न केलं तर सरकार एकच जमीन देईल, थांबलो तर दोघांच्या नावावर दोन होतील, ही अक्कल टोलेफचीच. म्हणून अमेरिकेतल्या डाकोटाच्या माळावर पाच वर्षं सिग्ने आपल्या मातीच्या घरात राहिली आणि तो आपल्या. मधे मैलभर नुसतं गवत. जमीन नावावर व्हायला पाच वर्षं तिथंच राहायची अट होती. आज तिची मुदत भरली, तेव्हा जमीन कचेरीत साक्षीलाही तोच उभा राहिला.

“ही बाई पाचही वर्षं तिथं एकटीच राहिली?” साहेबानं विचारलं.

“एकटीच, साहेब. एका रात्रीचाही खाडा नाही,” टोलेफनं छाती फुगवून शपथेवर सांगितलं.

साहेबानं शिक्का मारला आणि चष्म्यावरून सिग्नेकडे पाहिलं. “हिमवादळात काय करत होतात हो, बाई?”

“कोंबड्या घरात घ्यायचे. त्यांच्याशी बोलत बसायचे.”

बाहेर येताच टोलेफनं खिशातली अंगठी काढली. “चल, पाद्रीबाबा गावातच आहेत. आता कसली आडकाठी?”

सिग्नेनं कागद शालीखाली ठेवला, गाडीवर चढली आणि लगाम स्वतःच्या हातात घेतले.

“अगं, रागावलीस का? सगळं आपल्या दोघांसाठीच केलं ना?”

“रागावले नाही रे,” ती म्हणाली. “पण हिमवादळाचं त्या परक्या माणसानं विचारलं. पाच वर्षांत तू नाही विचारलंस.”