कॅरिअरवरची अंडी

बेकरीवाल्याने ट्रेमधलं फुटकं अंडं दोन बोटांनी उचललं. बलक त्याच्या मनगटावर ओघळला.

"वहिनी, उद्या पुन्हा फुटली तर मी दुसरीकडून घेईन. राग मानू नका."

तिचं हे एकच मोठं गिऱ्हाईक. ते तुटलं की कोंबड्या विकायच्या. आणि तिने काय करून पाहिलं नव्हतं? सायकलच्या कॅरिअरवर भुशात, पुढच्या बास्केटमध्ये, दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत चिंध्या कोंबून. तळ्याकाठचा खड्ड्यांचा उतार आला की काहीतरी फुटायचंच.

"अंडी पोचवतेस की ऑम्लेट?" घरी येताच सासऱ्यांनी विचारलं. ते हाडाचे गवंडी. पण गुडघ्यांनी दगा दिल्यापासून थापी फळीवर पडून होती, आणि काम काय ते जिभेला उरलं होतं.

ती सायकल निरखत राहिली. धक्का चाकातून कॅरिअरला बसतो, कॅरिअरमधून थेट अंड्यांना. पेडलवर उभं राहिलं तर? गुडघे वाकतात, धक्का तिथेच जिरतो. म्हणजे अंडी पाठीवर हवीत!

ती पिशवीचे बंद शिवायला बसली. सासरे काठी टेकत बाहेर पडले. "जरा पाय मोकळे करून येतो," म्हणाले. आले ते अंधार पडल्यावर.

सकाळी ती सीटला न टेकता निघाली. सगळं लक्ष पाठीकडे. बेकरीवाल्याने एकेक ट्रे उचलून पाहिला. सगळी अंडी शाबूत!

परतताना ती गुणगुणत सीटवर बसली. तळ्याकाठ आला आणि गेला. सीट खालून बोचलीच नाही. तिने ब्रेक दाबला, वळून पाहिलं. एकूण एक खड्डा बुजलेला. खाली विटांचे तुकडे, वर मुरूम, कडेपर्यंत ठोकून सपाट केलेला.

घरी नळापाशी थापी धुऊन उभी केलेली होती. सासरे गुडघ्यांना तेल चोळत होते.

"एकही फुटलं नाही, मामंजी."

"मग! पाठीवरची युक्ती भारी निघाली तुझी," ते वर न बघता म्हणाले.

तिने तेलाची वाटी तेवढी कोमट करून आणून दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांदेखत तिने अंडी पुन्हा कॅरिअरवर बांधली.

"अगं, पाठीवर घे! फुटतील ना!"

"आता नाही फुटत," ती म्हणाली, आणि सीटवर ऐसपैस बसून निघाली.