कडेवरचं ओझं

“टोइंगच्या गाडीचं गिअर ऑइल निम्म्या किलोमीटरलाच बदलावं, बाळा. कडेवर लेकरू घेऊन चालणारी लवकर दमते,” गॅरेज माझ्या हाती देताना वडील म्हणाले होते.

काल बंद ट्रक ओढत चढ चढताना दाजी चालवतात त्या टोइंगच्या गाडीचा गिअरबॉक्स जळाला. आज गाडीचा मालक माझ्या गॅरेजमध्ये त्यांना कामावरून काढत होता.

“ऑइल तरी वेळेवर बदललं होतं का?” त्याने विचारलं.

मी तोंड उघडण्याआधीच दाजी म्हणाले, “मेव्हणा आहे माझा, त्याच्या कामात खोट नसते. माझाच पाय जड पडला असेल. वय झालं.” त्यांनी किल्ली पुढे केली.

धरणीने पोटात घ्यावं, असं झालं मला.

“थांबा, दाजी. गेल्या दोन्ही सर्व्हिसिंगला मी ऑइल बदललंच नाही. वहीत नुसती तारीख लिहिली.”